हाकेचं वजन

शाळेत असताना मला वाटायचं, नक्कल म्हणजे घसा. ज्याचा घसा वळतो तो राजा. हेडमास्तरांचा नाकातला आवाज मी काढायचो, प्रार्थनेला उशिरा येणाऱ्या बाईंचा दमलेला आवाज काढायचो, पीटीच्या सरांची शिट्टीसुद्धा तोंडानं वाजवायचो, अन् पोरं खरंच रांगेत उभी राहायची. देवळाली प्रवरासारख्या गावात एवढं जमलं की माणूस फेमस होतो. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या स्टेजवर, चहाच्या टपरीवर, कुठंही गेलो की सुरू, "ए, त्यो आवाज काढ ना." मी लगेच काढायचो. भाव खाण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच. मार्कं तर नव्हतीच नव्हती.

गेल्या चैत्रात मात्र एका यात्रेच्या माईकवर बसलो आणि तिथं जे ऐकलं त्यानं माझी ही घशाची थिअरी पार झोपवली. मी हे सांगायला लागलो की दोस्त म्हणतात, "लागला फेकायला." मी खरंच फेकतो, पण हे फेकलेलं नाही.

झालं असं. माझ्या मावसभावाचा साऊंडचा धंदा आहे. भोंगे, अँप्लिफायर, वायरींची वेटोळी आणि एक टेम्पो. जामखेडच्या बाजूला उघड्या माळावरच्या टेकडीवर एका देवाची यात्रा भरते, तिथलं काम त्याला मिळालं होतं. देवळापासून पार खाली पार्किंगपर्यंत खांबाखांबाला भोंगे लावलेले. पायथ्याला पत्र्याचा एक मंडप, त्यात टेबल, माईक, पाण्याचा जार आणि वर बोर्ड, 'हरवले-सापडले'. भोंग्यांवर देवाची गाणी चालू असायची आणि कुणी हरवलं की गाणं बारीक करून माईकवर सांगायचं. त्याला माईकवर माणूस पाहिजे होता. मला म्हणाला, "तसाबी तू दिवसभर बडबड करतोस, तिथं कर. जेवन हाय दोन टायमाचं."

जोडीला चाचा होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. नगरच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून सगळी नोकरी त्यांनी गाड्या पुकारण्यात घालवली होती. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, खिशात चण्याची पुडी. मी कुठल्याही माणसाला भेटलो की पहिल्यांदा त्याचा आवाज चोरतो. चाचांचा चोरायला गेलो तर चोरण्यासारखं काही सापडेना. सपाट आवाज. ना चढ, ना उतार. मला वाटलं, ह्यांना माईकवर बसवलं कुणी?

पहिली अनाउन्समेंट मी केली. एक लहान पोरगं रडत आलं होतं. मी गाणं बारीक केलं, छाती फुगवली आणि दुकानांच्या जाहिरातीत असतो तसला घोगरा आवाज काढला. "सर्व भाविक भक्तांना नम्र विनंऽऽऽती!" मग दहा शब्द नम्रतेचे, पाच स्वागताचे, आणि मग कुठं ते पोरगं. कोणी आलं नाही. बाहेर पेढ्यावाल्याची झोपही मोडली नाही.

चाचा चणे खात होते. म्हणाले, "बेटा, कुणाशी बोलतोस?"

"सगळ्यांशी."

"सगळे कुठं ऐकतात? एकच जण ऐकणार असतो. त्याला हुडक. आणि विनंतीवर कशाला बसलास एवढा दाबून? विनंती कोण ऐकतंय ह्या देशात?"

मग त्यांनी माईक स्वतःकडं ओढला. त्याच सपाट आवाजात एकच शब्द टाकला, "राहुरी." थांबले. मग "देवळाली प्रवरा." पुन्हा थांबले. ते पोरगं माझ्याच गावाकडचं निघालं होतं, आणि काय सांगू, मी शेजारी बसलेलो, मला सगळं माहीत, तरी माझ्या गावाचं नाव आल्याबरोबर माझेच कान सशासारखे उभे राहिले. मग चाचांनी शांतपणे सांगितलं, लाल टीशर्ट, चार-पाच वर्षांचा, मंडपात बसलाय. चणे संपायच्या आत त्याची आई पळत आली. एक धपाटा घातला आणि मुका घेतला, हे दोन्ही एकाच वेळेस.

"माणूस गर्दीत कान मिटून चालतो," चाचा म्हणाले. "फक्त आपल्या गावाला उघडतो. म्हणून वजन गावावर ठेवायचं. आणि वजन ठेवल्यावर थांबायचं. मान वळायला येळ लागतो ना. तुझं काय झालं, तू सगळ्याच शब्दांवर बसलास. सगळ्याच गाड्या एका फलाटाला लावल्या तर पॅसेंजर चढंल कशात?"

मला ते लई आवडलं. मी पण तसं करून बघितलं. गावाचं नाव, मग थांबायचं, मग कपडे, मग थांबायचं. आणि येत होती की माणसं! मला जादूगार झाल्यासारखं वाटायला लागलं. टेकडीभर पसरलेली एवढी माणसं, आणि मी एका शब्दावर जरा टेकलो की त्यातली बरोबर एक मान वळायची. दुपारपर्यंत तर मी चाचांना सांगायला लागलो होतो, "चाचा, तुम्ही आराम करा, आपण आहे."

तेवढ्यात ते बाबा आले.

धोतर, डोक्याला फेटा, पायात जाड वहाणा. अंगानं काटक. घामानं थबथबलेले. मंडपाच्या खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मानूस हरावलंय."

"कोण माणूस, बाबा?"

"मानूस म्हंजी... घरातलं."

"मुलगा? नातू?"

"न्हाई रं. घरातलं. मंडळी."

मग उलगडा झाला. ते आणि आजी सकाळी देवाला वर गेले, दर्शन झालं, उतरायला लागले. बाबा पुढं, आजी मागं. आमच्याकडं जुनी माणसं अशीच चालतात, नवरा पुढं बघून बोलत राहतो आणि बायको मागून हुंकार देत राहते. वळून बघायची पद्धत नाही.

"म्या बोलतच हुतो," बाबा सांगत होते. "बैलाचं बोललो, थोरल्या लेकीचं बोललो. मागनं 'व्हय, व्हय' येत हुतं. हितं खाली आल्यावर म्हनलं, बस आता, च्या पिऊ. माघारी बघतो तर कोन तिसरीच बाई! ती म्हनती, 'मला वाटलं तुमी फोनवर बोलताय.'"

"मग ती 'व्हय व्हय' का करत होती?"

"ती तिच्या म्हाताऱ्याला करत हुती. त्यो तिच्या म्होरं हुता."

मी हसलो. मला हसू आवरतच नाही. पण बाबा हसले नाहीत. म्हणाले, "पोरा, तिला शुगर हाय. सकाळी गोळी घेतली आन् पोटात कायबी न्हाई. देवाला नारळ फुटल्याबगर खानार न्हाई म्हनली. मागल्या साली आशीच चक्कर यून पडली ती डोकं फुटलं. ह्या उन्हात कुटं पडली आसंल तर कुनाला कळंल?"

मग माझं हसू गेलं. बाहेर बघितलं तर ऊन नुसतं पांढरं झालेलं. आजीकडं मोबाईल नाही. बाबांकडं होता, पण यात्रेत नेटवर्क असं बसलेलं की फोन नुसता घड्याळाच्या कामाचा. भावाच्या टेम्पोवरची दोन पोरं चाचांनी लगेच टेकडीवर धाडली, झाडाखाली, दगडाआड कोणी म्हातारी बसलीय का बघायला. आणि मी माईक ओढला.

"बाबा, आजीचं नाव सांगा."

झालं. बाबांनी फेटा नीट केला, वहाणा बघितल्या, खांब बघितला.

"नाव सांगा की, बाबा."

"नाव कसं घ्यायचं?"

"तोंडानं."

"आरं पर चारचौघात..."

"मग उखाणा घ्या," मी म्हणालो. चाचांनी टेबलाखालून मला लाथ घातली. मग ते स्वतः उठले, बाबांजवळ गेले, कान पुढं केला. बाबांनी तोंडावर उपरणं धरून कानात काहीतरी सांगितलं. ते सांगताना बाबांचे कान लाल झाले होते. एवढ्या कष्टानं निघालेलं नाव मी इथं लिहीत नाही.

मी पुकारलं. चाचांच्या पद्धतीनं, गाव आधी, मग थांबून नाव, नावावर चांगलं वजन. मग हिरवं लुगडं, मग हातात कापडी पिशवी. एकदा, दोनदा. गाणं लावलं, बंद केलं, पुन्हा पुकारलं. भोंगे पार डोंगरावर घुमत होते. त्या गावच्या दुसऱ्या दोन-चार बाया आल्या, चौकशी करून गेल्या. आजी नाही.

"बाबा, हेच नाव ना?"

"हाय तेच. पर त्या नावानं तिला कोन बोलवतंय? सासूनं ठिवलं, आन् पुना कुनी घेतलं न्हाई. पोरगी आई म्हनती, गाव काकू म्हनतं."

"आणि तुम्ही?"

"मी?" बाबा जरा गोंधळले. "मी म्हनतो, आगं ऐकलं का."

मला एकदम आयडिया आली. म्हटलं, हे तर आपलं होम ग्राउंड! म्हाताऱ्या माणसांचे आवाज म्हणजे माझा हातखंडा. मी बाबांकडं एकदा बघून घेतलं, गळा जरा कापरा केला, आणि चाचा नको नको म्हणायच्या आत माईकमध्ये आरोळी ठोकली, "आगंऽऽऽ! ऐकलं काऽऽऽ!"

अख्ख्या यात्रेत हशा पिकला. पिपाण्या विकणारी पोरं लगेच तसंच ओरडायला लागली. पाळण्यातून आवाज आला, आगंऽऽ. रसवंतीवरून आवाज आला, आगंऽऽ. मी स्वतःवर खूश होऊन बाबांकडं बघितलं. बाबा अंग चोरून बसले होते.

"आसं कुनी बोलवतं व्हय बायकूला?" ते म्हणाले. "ती काय म्हस हाय?"

पण खरी मजा पुढं झाली. म्हाताऱ्या बायका यायला लागल्या. एक आली, दोन आल्या, चार-पाच जणी जमल्या. एकीच्या हातात बांगड्यांचं बंडल, एक अर्धा वडापाव खात आलेली.

"कुटं गेलं आमचं येडं?" पहिली म्हणाली. "कवाचं वरडतंय!"

"आजी, तुमचे नाहीत, हे वेगळे आहेत."

"मंग माज्यावाला कुटं हाय?"

"मला काय माहीत?"

"तुला म्हाईत न्हाई तर कशाला बोलवलंस? त्याला तिकडं बसवून आले हुते मी मुकाट, आता त्यो बी उटून गेला आसंल मला हुडकायला!"

दुसरी तिच्यावर ओरडली, तिसरी माझ्यावर. मी हात जोडून सगळ्यांना माघारी पाठवत होतो. शेवटी एक आजी राहिली. कपाळ मोकळं. ती भांडली नाही, काही विचारलंही नाही, नुसती मंडपाच्या तोंडाला उभी.

"आजी, तुमचे पण नाहीत हे."

"म्हाईत हाय बाळा. माजं मानूस गेलं दोन सालामागं." ती स्वतःशीच हसली. "म्हाईत आसून पाय वळलं मेलं. बघ की."

आणि गेली. मी गंमत म्हणून एक आरोळी मारली होती आणि ती कुठं जाऊन लागली होती! चाचांनी जारमधलं पाणी ग्लासात भरून बाबांसमोर ठेवलं.

मग मी बाबांच्या पुढ्यात खाली बसलो. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तुम्हीच बोलवा माईकवर. तुमचा आवाज ऐकला की येतील."

"न्हाई जमायचं."

"अहो, आजींसाठी."

बाबांनी खरंच माईक हातात घेतला. तोंडाजवळ नेला. श्वास घेतला. भोंग्यातून त्यांचा तो श्वास टेकडीभर गेला आणि तो ऐकून ते एवढे दचकले की माईक टेबलावर ठेवून दिला. "घरातलं बोलनं हाय रं पोरा, ते हितं कसं काडू? न्हाई निगत."

"मग मला सांगा कसं म्हणता. मी म्हणतो. जोरात म्हणता का?"

"जोरात म्हनलं तर ती येत न्हाई. म्हनती, पाय हायेत तुमाला, तुमी या."

"मग हळू?"

"हळू बी न्हाई. आपलं म्हनतो. जसं म्हनायचं तसं."

मी चार-पाच तऱ्हेनं म्हणून दाखवलं. 'आगं' वर जोर दिला तर बाबा म्हणाले, हे भांडायचं झालं. 'ऐकलं' वर दिला तर म्हणाले, हे कुनी मेलंय आसं वाटतंय. 'का' लांबवला तर म्हणाले, हे तमाशातलं. तीनच शब्द! मला तोपर्यंत वाटत होतं, शब्द म्हणजे शब्द. आणि इथं हा माणूस नुसता जोर कुठं पडतो ते बघून सांगत होता, भांडण आहे की मरण आहे की तमाशा आहे. पण बरोबर काय ते त्याला सांगता येईना आणि मला सापडेना. टेकडीवर गेलेली पोरं परत आली. नाही म्हणाली. चाचांनी त्यांना पाणी पाजून दुसऱ्या बाजूला धाडलं.

बाबा बाकड्यावर बसून राहिले. उन्हाकडं बघत होते. त्यांचा हात आपोआप खिशात गेला, तंबाखूची पुडी निघाली, तंबाखू तळहातावर आली. मग दुसरा हात दुसऱ्या खिशात गेला. तिथं काही नव्हतं. मग बंडीचा आतला खिसा, मग कमर. नजर अजून उन्हाकडंच. आणि तसंच, मान न वळवता, बाजूच्या रिकाम्या बाकड्याला ते म्हणाले,

"आगं... ऐकलं... का?"

त्यांचा रिकामा हात तिकडं पुढं झाला.

बाबांच्या ध्यानात आलं. त्यांनी बाजूला बघितलं. बाकडं रिकामं. तळहातावर तंबाखू तशीच. "चुन्याची डबी तिच्याकडं आसती," ते म्हणाले.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी चाचांकडं. मला सापडलं होतं.

ते असं होतं. 'आगं' जवळजवळ गिळलेलं, नुसती दाराची कडी हलावी तेवढं. मग एक थांबा, ज्यात समोरच्यानं हातातलं काम खाली ठेवावं एवढी जागा. 'ऐकलं' खालच्या पट्टीत, सगळं वजन त्याच्यावर, पण दाबून नाही, हात टेकावा तसं. मग पुन्हा थांबा. आणि 'का' एकदम हलका. तो 'का' विचारतच नव्हता. उत्तर येणार हे त्याला माहीतच होतं. माझ्या नकला करायच्या आयुष्यात मी एवढी बारीक गोष्ट ऐकली नव्हती. एवढं तीन शब्दांत बसतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचीच नक्कल करून दाखवली असती.

"आत्ता," चाचा म्हणाले. "घाई नको. पयले गाणं पूर्ण बंद कर."

मी गाणं बंद केलं. यात्रेत भोंगे अचानक बंद पडले की एक गंमत होते, सगळे जण जरा वर बघतात, जसं काही आभाळच बंद पडलं. चाचांनी बोटानं खूण केली, थांब. अजून थांब. मग मान हलवली.

मी माईकजवळ गेलो. आवाज बाबांचा करायचा नाही, कापरा करायचा नाही, काहीच करायचं नाही. फक्त वजन त्याच जागेवर ठेवायचं. आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी आहे, असं समजायचं.

"आगं... ऐकलं... का?"

भोंग्यांतून ते वर गेलं. ह्या वेळेस कोणी हसलं नाही. पिपाणीवाली पोरंसुद्धा नाही. बांगडीवाल्याच्या दुकानापुढच्या बाया हातातल्या बांगड्या तशाच धरून उभ्या राहिल्या. एवढी मोठी यात्रा, एवढा धुरळा, आणि मी सगळ्या टेकडीला अशी हाक मारली होती की जी फक्त एका घरात मारतात.

मी पुन्हा म्हणणार होतो. चाचांनी माझा हात धरला. "एकदाच. तो एकदाच म्हणतो ना घरी? मग एकदाच."

आम्ही बसून राहिलो. बाबांनी तळहातावरची तंबाखू अजून टाकली नव्हती. मूठ बंद करून ठेवली होती. उन्हात एक एक माणूस यायचं आणि पुढं जायचं. प्रत्येक हिरव्या रंगाला बाबा अर्धे उठायचे. मला उगाच वाटायला लागलं की ती कुठंतरी पडलेली आहे आणि भोंगे कितीही घुमले तरी तिथं पोचत नाहीत.

आणि मग रसवंतीच्या मागच्या बाजूनं एक ठेंगणी आजी आली. हिरवं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. रमतगमत नाही, पण घाईतही नाही. मंडपात आली, इकडं तिकडं बघितलं, बाबांच्या पुढं उभी राहिली, आणि पिशवीत हात घालून चुन्याची डबी त्यांच्यापुढं धरली.

"घ्या. माज्याकडंच हाय म्हनलं. समदे खिसे चाचपायचे आन् मंग वरडायचं."

बाबांनी डबी घेतली नाही. त्यांनी आजीचं मनगट धरलं. एवढ्या लोकांत. आजीनं ते सोडवून घेतलं आणि पदर नीट केला.

मी उठूनच उभा राहिलो होतो. "आजी, एक मिनिट. तुम्हाला कसं कळलं डबीच पाहिजे म्हणून?"

तिला माझा प्रश्न येडेपणाचा वाटला. "तशीच हाक हुती की. पानी पायजे आसलं म्हंजी येगळी आसती. जनावर सुटलं म्हंजी येगळी. ही डबीची."

मी चाचांकडं बघितलं. चाचांच्या तोंडात चणा होता आणि ते चावायचं विसरले होते. मी त्या माईकमध्ये डबी हा शब्द उच्चारलाच नव्हता! फक्त तीन शब्द, जे घरोघर असतात. पण मी जिथून उचलले तिथं डबी हरवलेली होती, आणि ती हरवलेली डबी त्या थांब्यांत बसून, भोंग्यातून निघून, धुरळ्यातून जाऊन आजीपर्यंत जशीच्या तशी पोचली होती.

"पण आवाज तर बाबांचा नव्हता, आजी. मी बोललो."

"कळलं की ते. ह्यांचा आवाज म्हंजी फाटका पत्रा. आवाज पोराचा हुता." ती बाकड्यावर टेकली. "हाक ह्यांची हुती."

मग बाबांची वाचा फुटली. "कुटं मेली हुतीस? शुगर हाय तुला, पोटात काय न्हाई..."

"मी न्हाई हरावले. तुमी हरावलात. म्होरं बघून चालायचं, मागं बघायचंच न्हाई! जरा फिरल्यागत झालं तर बसले मी रसवंतीच्या मागं, सावलीला. त्या पोरानं रस दिला गलासभर."

"रस? शुगरला उसाचा रस?"

"चक्कर आली तवा काय कारलं खाऊ?"

चाचा हसले. एवढे हसले की टोपी काढून डोळे पुसले. मी आजीला विचारलं, "आम्ही तुमचं नाव घेऊन किती पुकारलं. ऐकलं नाही का?"

"ऐकलं तर. म्या म्हनलं, कुनीतरी माज्याच नावाची हरावली बिचारी. बसल्या जागी देवाला हात जोडले तिच्यासाटी, घावू दे म्हनलं." ती थांबली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. "आरं, म्हंजी मीच का?"

आता मात्र बाबाही हसले. मूठ उघडली, तंबाखू घामानं ओली झाली होती. मी पळत जाऊन केळी आणली. आजी केळं सोलत होती, बाबा बघत होते की ती खरंच खातीय का. तिच्या हाताला अजून थोडा कापरा होता, पण तोंडावर रंग आला होता.

अर्धं केळं झाल्यावर आजी माझ्याकडं वळली. डोळ्यांत जरा मिश्कील भाव. "पोरा, म्हन की पुन्यांदा. जवळनं ऐकते."

एरवी कुणी असं म्हणायचा अवकाश, मी सुरू होतो. मी सरळ बसलो, तोंड उघडलं, 'आगं' म्हणालो आणि तिथंच अडकलो. सगळं मला पाठ होतं. कुठं थांबायचं, कुठं टेकायचं, सगळं. पण ती समोर केळं खात बसली होती. पुढचा शब्द ठेवायला जागाच सापडेना. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तर जाहिरातीचाच आवाज निघाला. माझे कान गरम झाले.

"न्हाई निगत," मी म्हणालो.

"मंग तुमी म्हना," आजी बाबांना म्हणाली. "म्हना की. कसं म्हनता ते ह्या चाचांला बी कळू द्या."

बाबांनी तिच्या हातातली केळीची साल घेतली आणि दूर टाकली.

"आता कशाला?" ते म्हणाले. "आलीस की."